जावात २१४७४८३६४७ ही 'मूळ संख्या नाही' असं उत्तर का येतं?

फोंड्याला बीएस्सी करताय, चवथीच्या सुट्टीनंतर जर्नल द्यायचंय आणि तुमचा प्रोग्रॅम लहान संख्यांना बरोबर चालतो. पण २१४७४८३६४७ दिली की बराच वेळ फिरून 'मूळ नाही' म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. संख्या मूळच आहे. ती म्हणजे २^३१ − १. गणितज्ञ ऑयलरने १७७२ साली हे हातानं आकडेमोड करून दाखवलं.

चूक लूपच्या अटीत आहे. भाजक × भाजक ≤ संख्या ही अट इंटमध्ये (जावाचा ३२ बिटांचा पूर्णांक प्रकार) ४६३४० पर्यंत ठीक चालते. ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१. तो इंटमध्ये मावत नाही आणि −२१४७४७९०१५ होतो. मुळात २१४७४८३६४७ हीच इंटची कमाल किंमत, त्यामुळे ही अट कधी खोटी ठरूच शकत नाही. भाजक वाढत वाढत थेट संख्येपर्यंत पोचतो, बाकी शून्य येते आणि प्रोग्रॅमला वाटतं भाग गेला. अट भाजक ≤ संख्या / भाजक अशी लिहा. लाँग (६४ बिटांचा पूर्णांक प्रकार) वापरणार असाल तर भाजकच लाँग घ्या. गुणाकार इंटमध्ये झाल्यावर उत्तर लाँगमध्ये ठेवून उपयोग नाही.

पण जर्नलमध्ये ऑयलरची युक्ती जरूर घाला, ती फार देखणी आहे. समजा क्ष ही मूळ संख्या २१४७४८३६४७ ला भागते. मग २^३१ ला क्षने भागल्यावर बाकी १. ३१ स्वतः मूळ, म्हणून फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार (२^(क्ष − १) ला क्षने भागल्यावर बाकी १) क्ष − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. क्ष विषम, म्हणजे ६२ नेही. शिवाय २^३२ ची बाकी २, म्हणजे २^१६ हे क्षच्या हिशेबात २ चं वर्गमूळ झालं. असं वर्गमूळ असेल तर क्षला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च येते. दोन्ही अटी मिळून भाजक २४८ट + १ किंवा २४८ट + ६३ याच रूपाचा उरतो (ट म्हणजे ०, १, २…). ४६३४० पर्यंत असे उमेदवार १ सोडून फक्त ३७३: ६३, २४९, ३११, ४९७, ५५९… त्यातली पहिली मूळ संख्या ३११ (भागून बघा, बाकी ३५), दुसरी एकदम १३०३.

२ हा पाया घेऊन फर्माची चाचणी (२^(संख्या − १) ला संख्येने भागून बाकी १ येते का, हे पाहणं) मात्र इथे लावू नका. २०४७ = २^११ − १ = २३ × ८९, तरी ती चाचणी पास होते.

वेग हवा असेल तर लुकास-लेमर चाचणी घ्या, ती २^घात − १ अशा रूपाच्या संख्यांसाठीच असते. ४ पासून सुरुवात, दर पायरीला वर्ग करून २ वजा, मग तपासायच्या संख्येने भागून बाकी. आधी ३१ (२^५ − १) वर ताडून पाहा: ४, १४, ८, ०. घात ५, पायऱ्या ३. आपल्या संख्येला २९ पायऱ्या लागतात आणि शेवटी शून्य यायला हवं. वर्ग २^६२ च्या आत राहतो, त्यामुळे लाँग पुरतो.