जबाब लिहिताना

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. पुढच्या महिन्यापासून तू गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात वनहक्काच्या दाव्यांचं काम करणार, याचा मला फार आनंद झाला. आधी काय वाचू, असं विचारलं आहेस. जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांचे तिथल्या जमिनीवरचे हक्क मान्य करणारा २००६ चा वनहक्क कायदा लहानसाच आहे, तो वाचच; पण त्याखालच्या नियमांतला क्रमांक १३ तोंडपाठ कर. कोणता पुरावा चालतो, ते त्यात आहे.

आदिवासींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यातले उतारे तू वहीत काढलेस, ते चांगलं केलंस. १३ सप्टेंबर २००७ ला १४४ देशांनी त्याच्या बाजूने मत दिलं, त्यात भारतही होता. विरोधात होते फक्त चार: ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका. पुढे त्यांनीही तो मानला. पण तालुक्याच्या कार्यालयात जाहीरनाम्याला नाही म्हणणारं कुणी भेटणार नाही. तिथे विचारतात, “कागद कुठाय?” आदिवासींची जमीन जगभर याच प्रश्नावर गेली आहे.

म्हणून तुला कॅनडातला एक खटला सांगतो. ब्रिटिश कोलंबियातल्या गिट्सान आणि वेट्सुवेटेन लोकांनी आपल्या ५८,००० चौरस किलोमीटर भूमीवर हक्क सांगितला. सुनावणी ३७४ दिवस चालली. त्यांच्याकडे सातबारा कुठून असणार? घराण्याघराण्याने जपलेल्या कथा आणि गाणी, हाच त्यांचा दस्तऐवज. मेरी जॉन्सन या ज्येष्ठ गिट्सान बाई भर कोर्टात आपल्या घराण्याचं गाणं गायल्या. न्यायाधीशांनी गाऊ दिलं, पण मला गाण्याचा कान नाही, असं म्हणाले. १९९१ मध्ये दावा फेटाळला गेला. ११ डिसेंबर १९९७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि सांगितलं की तोंडी इतिहासाला लेखी कागदपत्रांच्या बरोबरीने तोललं पाहिजे. जमीन त्या दिवशीही मिळाली नाही, खटला नव्याने चालवा एवढाच आदेश झाला. तरी त्या बाईचं गाणं आता पुरावा ठरत होतं. मला त्या निकालातलं हे सगळ्यात मोठं वाटतं.

आपल्या नियमांत हे सरळच लिहिलंय. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हा त्यातला एक. जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा, शेताचे बांध हेही चालतात. अमुकच कागद आणा, असं दावे तपासणाऱ्या उपविभागीय किंवा जिल्हा समितीला म्हणता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ते स्पष्ट केलं. कुणी म्हणालं तर नियम दाखव, आणि दावा फेटाळला तर कारण लेखी माग.

आता माझी चूक ऐक. पहिल्या वर्षी मी अकरा म्हाताऱ्यांचे जबाब लिहिले, आणि अकराही एकाच साच्यात: “आमचे पूर्वज पिढ्यानपिढ्या या जंगलात राहत आले आहेत.” समितीने सगळे परत पाठवले. मला राग आला, पण रात्री कंदिलाशी बसून वाचले तेव्हा कळलं की त्यात त्या माणसांचं काहीच नव्हतं, भाषा माझी होती. त्यातल्या एका आजोबांनी मला बोडी, म्हणजे गावचं छोटं तळं, कुणी खणली, कोणत्या दुष्काळात खणली, कोणत्या मोहाखालून गावाची शीव जाते, सगळं सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि ‘पिढ्यानपिढ्या’ असं लिहून मोकळा झालो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आजोबा वारले होते.

तू तसं करू नकोस. गोंडीत बोललेलं आधी गोंडीतच लिही, मग मराठीत आण, आणि अंगठा घेण्याआधी गोंडीतून वाचून दाखव. माणूस “असं नाही” म्हणाला तर खूश हो, जबाब पक्का होतोय. त्यांच्याबरोबर चालत शीव बघ. बसून आठवत नाही ते पाय सांगतात. बायांना वेगळं विचार, कारण कंद, डिंक, पाण्याच्या जागा त्यांना ठाऊक असतात आणि सभेत पुरुषांपुढे त्या गप्प राहतात. देवाच्या काही जागा ते सांगणार नाहीत. आग्रह धरू नकोस, नकाशावरही काढू नकोस. जे सांगायचं नाही ते न सांगण्याचा अधिकारही त्यांचाच.

मेंढा (लेखा) तुझ्याच तालुक्यात आहे, चार दिवस राहून ये. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. स्वतःचा बांबू विकायचा वाहतूक परवाना हाती पडायला एप्रिल २०११ उजाडलं. मधल्या काळात गाव कसं टिकून राहिलं, ते तिथल्याच माणसांना विचार.

तेंदूपत्त्याच्या दिवसांत लोक पहाटेच रानात जातात, बैठका संध्याकाळी ठेव. आणि तुझा पहिला जबाब लिहून झाला की, ज्यांचा आहे त्यांना विचारून, मला वाचायला पाठव.

तुझा,
काका