पहिल्यांदाच कोणाला शिष्यत्वात (येशूच्या मागे चालायला) घडवताना
एका वेळी एक किंवा दोनच माणसं घ्या. पाच-सहा जमली की त्याचा वर्ग होतो आणि गप्प बसणारा निसटतो. सुरुवात बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानापासून (येशूच्या जीवनाच्या वृत्तांतापासून) करा: 16 अध्याय, आठवड्याला एक. चौदावा मात्र 72 वचनांचा आहे, तो दोन बैठकांत वाचा. तेराव्यात नवखा माणूस अडकतो, तो शेवटी घेतला तरी चालेल.

अध्याय त्यालाच मोठ्याने वाचू द्या. मग तीनच प्रश्न: येशूबद्दल काय कळलं, काय खटकलं, आणि या आठवड्यात काय करणार? तिसरा प्रश्न वेळेअभावी गळतो आणि तिथेच सगळं बिघडतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात (28:20) येशू सांगतो तसं, त्याच्या आज्ञा नुसत्या सांगायच्या नाहीत, पाळायला शिकवायच्या आहेत. म्हणून पुढची बैठक त्याच उत्तराच्या चौकशीने सुरू करा.

तासाभरापेक्षा जास्त बसू नका; त्यात तुमचं बोलणं पंधरा मिनिटांत आटपावं (उत्साही लोकांना हेच जड जातं). उत्तर येत नसेल तर ‘पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) विचारून सांगतो’ म्हणा. त्याच्या घरच्यांच्या देवधर्मावर टीका नको. पैशाची, नोकरीची मदत जरूर करा, पण ती बैठकीशी जोडू नका. बाप्तिस्म्याचा विषय त्यानेच काढू दे. मग त्याला पाळकांकडे न्या.