पऱ्हाटीचा कोळसा आणि लेकीचं शिक्षण

पत्र: मुलगी बारावी सायन्सला आहे. प्रदर्शनासाठी तिने पऱ्हाटी (कापसाच्या वाळल्या काड्या) जाळून कोळसा केला आणि त्यातून डेअरीचं सांडपाणी गाळलं. वास गेला, बक्षीस मिळालं. आता म्हणते, यातच शिकायचं. कोळशात कसलं करिअर? की शेतावरच युनिट टाकून देऊ? – एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

नमस्कार,

लेकीला आधी विचारा, वास गेला, पण सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, किती उतरला? दुधातली साखर कोळसा फारशी धरत नाही, आणि दुधातला स्निग्धांश त्याची छिद्रं बुजवतो. म्हणून डेअरीच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये, आधी स्निग्धांश काढतात, मग जिवाणूंच्या टाकीत पाणी घेतात. कार्बन फिल्टर येतो अगदी शेवटी, उरलासुरला रंग-वास काढायला.

शिवाय तिने केला तो साधा कोळसा. त्याचा ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे फिल्टरमध्ये वापरतात तो बारीक छिद्रांचा कोळसा, करायचा तर ८००-९०० अंशांना वाफ सोडावी लागते, नाहीतर काड्या आधी फॉस्फोरिक ॲसिडमध्ये भिजवून ५०० अंशांच्या आसपास तापवाव्या लागतात. तेव्हा कुठे एका ग्रॅममध्ये हजारेक चौरस मीटर पृष्ठभाग तयार होतो. तुमच्या भाषेत, चिमूटभर भुकटीत दहा गुंठे!

हे घडवून आणणं केमिकल इंजिनिअरचं काम. तेव्हा 'कार्बन'च्या नावाचा कोर्स शोधत बसू नका. गणित घेतलं असेल तर एमएचटी-सीईटी देऊन केमिकलला जावं. नागपूरचं एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट, आता विद्यापीठ झालंय) तुम्हाला जवळ. मुंबईच्या आयसीटीला (केमिकल टेक्नॉलॉजीची नावाजलेली संस्था) प्रवेश कठीण, तरी अर्ज करावाच. गणित सोडलं असेल तर केमिस्ट्रीत बी.एस्सी., पुढे पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. नीरी, ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था, नागपुरातच आहे, एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिथे जरूर विचारावं. नोकरी बहुधा डेअरी, साखर कारखाना, शीतपेयांचा प्लांट अशा ठिकाणच्या ईटीपीवर लागेल. सुरुवातीला शिफ्ट आणि वास, दोन्ही सोसावे लागतील. हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

युनिट मात्र आत्ता नको. आपल्याकडचे कार्बनचे कारखाने बरेचसे दक्षिणेत, नारळाच्या करवंटीवर चालतात. करवंटी टणक, तिची राखही कमी. पऱ्हाटी वर्षातून एकदाच निघते, आणि ट्रॉली शिगोशीग भरली तरी वजन भरत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार!

प्रदर्शनातला कोळसा अजून फेकला नसेल, तर कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या सरांना सांगून त्याचा आयोडीन नंबर, म्हणजे एक ग्रॅम कोळसा किती आयोडीन धरतो ते, काढायला लावा. शेजारी पाण्याच्या फिल्टरमधला कार्बनही तपासा. दोन्ही आकडे मला कळवा.