तक्ता बाजूला ठेव, आजीला पुढे बसव

प्रिय बाळ,
सलाम.

तुझा तक्ता मिळाला. रंगीत पेनांनी आखलेला, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, शाळा उघडायच्या आत घरातल्या सगळ्यांनी मिळून अख्खं बायबल वाचायचं असा. आधी कौतुक वाटलं, मग मी भागाकार केला. आपल्या बायबलात ११८९ अध्याय आहेत. चाळीस दिवसांत संपवायचे तर रोज तीस. ऐरोलीच्या वन बीएचकेत, मे महिन्याच्या उकाड्यात, आठ वर्षांच्या भावाला घेऊन? लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोहोचायच्या आत तो पंख्याची पाती मोजायला लागेल आणि तू त्याच्यावर खेकसशील.

तुम्ही रूथच्या पुस्तकापासून सुरुवात करा. चारच अध्याय आहेत. रोज एक, रात्रीची जेवणं उरकल्यावर. पप्पांची दुसरी पाळी असेल तेव्हा त्यांच्यासाठी थांबू नका. दुसऱ्या दिवशी धाकट्याने त्यांना गोष्ट सांगायची. सांगताना तो काय गाळतो आणि काय पदरचं घालतो ते ऐकण्यासारखं असतं.

आणि रूथ वाचताना आजीला पुढे बसव, कोपऱ्यातल्या खुर्चीत नको. दुसऱ्या अध्यायात एक शब्द येईल, ‘सरवा’. तुझ्या दोन्ही भावांना तो कळणार नाही, तुलाही नीट सांगता येणार नाही. आजी नगरकडची, लहानपणी शेतात राबलेली. कापणी झाल्यावर रानात पडून राहिलेली कणसं वेचणं म्हणजे सरवा, हे ती सांगेल, आणि बहुतेक तेवढ्यावर थांबणार नाही. तो कोण वेचायचं, कुणाच्या रानात जाऊ द्यायचे, कुठून हुसकून लावायचे, ओटीत कणसं कशी धरायची, सगळं निघेल. निघू दे. त्या रात्री अध्याय अर्धाच झाला तरी हरकत नाही.

मग धाकट्याला विचार, शेताचा मालक बवाज याने गड्यांना काय सांगितलं? पेंढ्यांमधली काही कणसं मुद्दाम काढून टाका, तिला वेचू द्या, दटावू नका. संध्याकाळी रूथने झोडपलं तर एफाभर जव निघाले, म्हणजे साधारण वीस-बावीस लिटर. स्वयंपाकघरातला पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार दाखव आणि सांग, एवढं, एका दिवसात, परक्या गावच्या विधवेने. शेताच्या कडा पुरत्या कापू नका, गरिबाला आणि परक्याला ठेवा, हा नियम लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. मोठ्या भावाला तो शोधायला लाव. लेवीय वाचायचा झाला तर असा, एखाद्या गोष्टीचं बोट धरून.

भाषेची अडचण येणार. दोघंही इंग्रजी माध्यमात, देवनागरी अडखळत वाचतात. त्यावरून कुणाला हसू नका. मोठ्याने हवं तर फोनवर इंग्रजीत वाचावं, आजीने आपल्या जाड भिंगाच्या चष्म्यातून ‘पवित्र शास्त्र’ वाचावं, आणि दोन्हीकडे काय वेगळं लागतं ते बघावं. मराठीत बायबल सोपं व्हावं म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून भाषांतर केलं, अगदी शेवटच्या आजारपणापर्यंत. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ते पूर्ण छापून निघालं. साध्या बाईला कळावं एवढाच त्यांचा हट्ट होता. तुमच्या घरातही तेवढंच बघ.

आता माझी एक चूक सांगते. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना सुट्टीत मी दर वचनाला पाच रुपये लावले होते. पाठ कर, पैसे घे. पठ्ठ्याने पहिल्याच दिवशी योहानाच्या अकराव्या अध्यायातलं ‘येशू रडला’ म्हणून दाखवलं आणि हात पुढे केला. मी हसून पैसे दिले. नाणं मुठीत धरून त्याने विचारलं, “पण मेलेला लाजर पुन्हा उठणार हे त्याला माहीत होतं ना, मग तो रडला कशाला?” मी म्हटलं, “पुढचं वचन म्हण.” त्या सुट्टीत त्याने चाळीसेक वचनं पाठ केली. प्रश्न मात्र पुन्हा विचारला नाही. आज त्याने तिशी ओलांडलीय आणि मला अजून ती मूठ दिसते.

म्हणून भाऊ काही विचारतील तेव्हा पाळकसाहेबांसारखं उत्तर द्यायला जाऊ नकोस. “मलाही कळलेलं नाही” म्हणायला लाजू नकोस. रूथनंतर योना घ्या, तेही चार अध्याय. देवाने निनवे शहरात जा म्हटल्यावर हा गडी याफो बंदरात जाऊन उलट्या दिशेचं जहाज पकडतो. ठाण्याला जायचंय आणि मुद्दाम पनवेल लोकलमध्ये चढायचं, तसलं. योनाला गिळणारा देवमासा शोधायला सांग, सापडणार नाही, तिथे नुसता ‘मोठा मासा’ आहे. आणि शेवट बघ. वेल वाळला म्हणून योना रुसलाय आणि देव त्याला विचारतोय, त्या शहरातल्या एक लाख वीस हजारांहून जास्त माणसांची आणि इतक्या गुराढोरांची मला कीव येऊ नये काय? पुस्तक तिथेच संपतं. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही. तूही देऊ नकोस. दिवा घालव आणि झोपा.

शेजारचा मित्र खेळता खेळता येऊन बसला तर बसू दे, पण आधी त्याच्या आईला विचार. समोरच्या कॅथलिक काकूंच्या बायबलात ७३ पुस्तकं आणि आपल्यात ६६ का, हा वाद त्यांच्या दारात काढू नका.

पप्पांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर खाडीवर जा. पाऊस आला की फ्लेमिंगो निघून जातील, त्याआधी. ओहोटीची वेळ बघून जा, तेव्हाच ते चिखलात उतरतात. तिथे मत्तयाचा सहावा अध्याय वाच, आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, तो भाग. धाकटा म्हणेल की ही तर सकाळपासून मान खाली घालून चिखलच गाळतायत, बसून कुठे खातात? म्हणू दे. मीही तिथे उभी असताना हेच म्हटलं होतं.

दुर्बीण माझ्याकडे आहे. रविवारी उपासनेनंतर ठाण्याला येऊन घेऊन जा. उजव्या भिंगावर ओरखडा आहे, डाव्या डोळ्याने बघायचं.

तुझी,
मावशी