हळदीचं पाणी, बीपीची गोळी आणि आमराईतले मित्र

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत आहे. चार वर्षं बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी चालू होती. दिवाळीनंतर मोबाईलवर हळदीच्या पाण्याचे व्हिडिओ बघायला लागले आणि गोळी बंद केली. आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या एका मित्रानंही गोळी सोडली आहे, त्याला काही झालं नाही म्हणतात. "माझ्या पायांची सूजसुद्धा गेली, आता तूच सांग," असं मलाच ऐकवतात. परवा शेजारच्या दवाखान्यात मोजलं तर १६४/९८ निघालं. मी विषय काढला की चिडतात. काय करू?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, पायांची सूज तुम्ही ओघात लिहून गेलात, पण सगळ्या पत्रात मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. अ‍ॅम्लोडिपिननं काही जणांच्या घोट्यांवर सूज येते, संध्याकाळी जास्त. गोळी थांबली की ती उतरते. म्हणजे यजमानांचा अनुभव खरा आहे. दिवसभर यार्डात पोत्यांमधून फिरणाऱ्या माणसाला जड पायांचा किती त्रास होत असेल! तो त्यांनी डॉक्टरांना सांगितला नसावा. गोळी नकोशी झाली होती, सोडायला कारण हवं होतं, ते मोबाईलनं पुरवलं. माझ्या दवाखान्यात हे मी कायम बघतो. माणूस आधी मनाशी ठरवतो आणि पुरावा मागाहून गोळा करतो. म्हणून व्हिडिओ खोटा आहे हे सिद्ध करत बसू नका. सुजेवर उपाय निघाला तर व्हिडिओची गरजच उरणार नाही. डॉक्टर डोस कमी करू शकतात, गोळी बदलू शकतात. बीपीच्या औषधांचे बरेच प्रकार आहेत.

आता हळदीच्या पाण्याला यश आलं असं त्यांना का वाटलं, ते सांगतो. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून सावकाश जाते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस बीपी फारसं वाढत नाही. त्या दिवसांत कुणी मोजलं असेल तर आकडा बराच बरा आला असेल, आणि उरलेल्या गोळीचं श्रेय हळदीला मिळालं असेल. पुढं बीपी वर चढलं तरी कळत नाही, कारण ते दुखत नाही. वाढलेलं बीपी बहुतेकांना काहीच जाणवू देत नाही आणि आतल्या आत मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांच्या रक्तवाहिन्या खराब करत राहतं.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. भाजीत, दुधात ती रोज असावी. पण ज्या कर्क्युमिनचे गोडवे व्हिडिओत गातात ते हळदीत साधारण तीन टक्के असतं, आणि त्यातलंही फार थोडं आतड्यातून रक्तात उतरतं. ग्लासभर पाण्यातली चमचाभर हळद बीपीच्या गोळीचं काम करणार नाही.

व्हिडिओंचंही एक तंत्र आहे. एक शेवटपर्यंत बघितला की फोन तसलेच आणखी पुढं करतो. १९७७ साली अमेरिकेत लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टोपिनो यांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा काही विधानं ऐकवली. जी विधानं पुन्हा पुन्हा कानावर पडली ती मुलांना हळूहळू जास्त खरी वाटू लागली, मग ती मुळात खरी असोत वा खोटी. यात शिक्षणाचा, हुशारीचा प्रश्न नाही. तुमचे यजमान रोज तेच ऐकतात, म्हणून त्यांना ते खरं वाटतं.

आणि आमराईतले मित्र. गोळी सोडून ज्यांना लकवा मारला, ते आता आमराईत फिरायला येत नाहीत. सकाळी भेटतात ते धडधाकट राहिलेलेच. यजमानांना त्यांच्याच धंद्यातलं विचारा : वरचं एक हळकुंड बघून ते आख्ख्या लॉटचा भाव ठरवतात का? की पोत्यात हात घालून, आतलं हळकुंड मोडून रंग बघतात? तब्येतीच्या बाबतीतही तेवढीच पारख हवी.

काम दोन दिवसांत करा. १६४/९८ हा आकडा पुढच्या महिन्यावर ढकलण्यासारखा नाही. डॉक्टरांकडे जाताना सुजेची गोष्ट आधी सांगा. यजमानांच्या तोंडून निघाली तर उत्तम. नंतर घरी बीपीचं मशीन आणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, हात टेबलावर छातीच्या पातळीला, आणि दोनदा मोजून वहीत लिहायचं. लिहायचं त्यांनीच. अडतीची वही लिहिणारा माणूस स्वतःच्या हातानं लिहिलेला आकडा झटकून टाकत नाही.

गोळी पुन्हा सुरू झाली की ती सकाळच्या चहाला बांधा, म्हणजे रोज आठवण करावी लागणार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५० च्या वर. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. तेव्हा एका दिवसाच्या विसरण्यावरून घरात भांडू नका.

मात्र तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर चहा-पाणी, हळद काही न बघता तडक सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या. ही लकव्याची लक्षणं आहेत. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्यातही जेवढं लवकर तेवढं चांगलं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, जावळी तालुक्यात राहते. पाऊस लागला की गुडघे दुखतात, म्हणून जून ते सप्टेंबर चालणं बंद ठेवते. मुलगा म्हणतो, हा मनाचा खेळ आहे. खरं काय?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : बाई, दुखणं खरंच आहे. मुलानं तसं म्हणायला नको होतं. पावसाशी त्याचा संबंध मात्र वाटतो तेवढा घट्ट नाही. १९९६ साली डोनाल्ड रेडलमायर आणि अ‍ॅमॉस ट्वर्स्की यांनी संधिवाताच्या १८ रुग्णांच्या वेदना वर्षाहून जास्त काळ हवामानाशी ताडून बघितल्या. बहुतेक रुग्णांची संबंधाबद्दल खात्री होती, नोंदींत तो सापडला नाही. पावसात दुखलेला दिवस लक्षात राहतो, पावसात न दुखलेला विसरतो. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात लोकांनी रोज फोनवर वेदना नोंदवल्या, त्यात दमट हवेचा थोडासा संबंध दिसला. थोडासाच.

माझी काळजी वेगळी आहे. चार महिने चालणं थांबलं की मांडीचे स्नायू कमजोर होतात, आणि गुडघ्याचा भार तेच तर पेलतात. जावळीच्या पावसात बाहेर पडू नका, निसरडं असतं. ओसरीवर फेऱ्या मारा. खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करा, मनात दहा आकडे मोजेपर्यंत धरा, मग खाली ठेवा. कॅलेंडरवर दोन खुणा करत जा, एक पावसाची, एक दुखण्याची. शाळेचं हजेरीपुस्तक सांभाळलेल्या तुम्हाला हे सोपं आहे.

प्रश्न : मी २६ वर्षांचा, कराडला नोकरी करतो. मनगटावरचा बँड रोज सकाळी 'झोप ६१' वगैरे दाखवतो आणि दिवसभर थकल्यासारखं वाटतं.

उत्तर : बँड मनगटाची हालचाल आणि नाडी यांवरून झोपेचा अंदाज बांधतो, मेंदूच्या लहरी त्याला दिसत नाहीत. २०१४ साली अमेरिकेत क्रिस्टीना ड्रॅगॅनिच आणि क्रिस्टी एर्डल यांनी काही विद्यार्थ्यांना तुमची झोप छान झाली म्हणून सांगितलं, काहींना वाईट झाली म्हणून. दोन्ही गोष्टी बनावट होत्या. तरी वाईट झोपेचं ऐकलेल्यांची बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी खालावली. महिनाभर बँड कपाटात ठेव. झोपताना फोन दुसऱ्या खोलीत, उठायची वेळ रविवारीही तीच. एवढ्यानंही थकवा राहिला, किंवा घरचे म्हणाले की तू फार घोरतोस, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे, आणि घोरण्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांग.