आई-बाबांना आधी व्हॉल्व्ह दाखवा

प्रश्न: आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. गेल्या डिसेंबरात भावाच्या लग्नासाठी सांगलीला गेलो. जाताना बिल वाचावं म्हणून हीटिंग पूर्ण बंद केलं. परत आलो तर वरच्या बाथरूमचा पाइप फुटून दिवाणखान्याचं छत खाली आलं होतं. मे महिन्यात सासू-सासरे आले. एका दुपारी सासरे फिरायला गेलेले असताना सासूबाईंनी फोडणी दिली आणि स्मोक अलार्म वाजला. त्या घाबरून बाहेर गेल्या, दार मागे लागलं, आणि शेजारणीने मला फोन करेपर्यंत त्या अनवाणी अंगणात उभ्या होत्या. गॅस चालूच होता. त्या दिवशी नवऱ्याने सांगून टाकलं, "आई, आम्ही नसताना शेगडीला हात लावू नकोस." तेव्हापासून त्या दुपारी सकाळचं गार अन्न खायच्या आणि दिवसभर सोफ्यावर बसून राहायच्या. आता ऑक्टोबरात दोघं पुन्हा येत आहेत, थेट मार्चपर्यंत. जूनमध्ये आम्ही मुलांना घेऊन भारतात जाणार आहोत. घर सांभाळायचं आणि माणसंही दुखवायची नाहीत, हे कसं जमवू?

उत्तर: सगळ्यात आधी ती शेगडीची बंदी उठवा, आणि ती तुमच्या यजमानांनीच उठवायला हवी. सासूबाईंच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. मोहरी तडतडली, मिरचीचा ठसका उडाला, अलार्म वाजला. अलार्मने त्याचं काम केलं. चूक एवढीच झाली की वाजल्यावर काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्या बाईने आयुष्यभर घर चालवलं, तिला लेकाच्या घरात पाहुणी करून सोफ्यावर बसवणं हे मला छत पडण्यापेक्षा मोठं नुकसान वाटतं. छत दुरुस्त करता येतं.

परदेशातल्या पुष्कळ मराठी घरांत मी हे पाहते. घर कसं चालतं ते एकाच माणसाच्या डोक्यात असतं आणि तो माणूस दिवसभर ऑफिसात असतो. आई-बाबा आले की आपण त्यांना खोल्या दाखवतो, टीव्हीचा रिमोट समजावतो, डाउनटाउनला फिरवून आणतो. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, हे मात्र दाखवत नाही.

म्हणून जेट लॅग उतरला की पहिल्या शनिवारी सासऱ्यांना बेसमेंटमध्ये घेऊन जा. सांगलीच्या घरी नळाला पाणी कधी येतं, टाकी किती वेळात भरते, मोटर कधी बंद करायची हे सगळं त्यांनीच सांभाळलं असणार. त्यांना हे समजायला पाच मिनिटं पुरतील. लिव्हर पाइपच्या रेषेत असेल तर पाणी चालू, आडवा केला की बंद. त्यांच्या हातानेच एकदा बंद-चालू करून घ्या. जुन्या पद्धतीचा गोल चाकाचा व्हॉल्व्ह असेल तर तो वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे अडकलेला असू शकतो. ते आत्ताच कळलेलं बरं. तिथेच विजेचा पॅनेल दाखवा आणि प्रत्येक बटणासमोर मराठीत चिठ्ठी चिकटवा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण न दाबता, फोनही आतून न करता सरळ बाहेर पडायचं, हे दोघांनाही सांगा.

आता स्वयंपाकघर. बहुतेक स्मोक अलार्मवर एक बटण असतं, ते दाबलं की काही मिनिटं तो गप्प राहतो. सासूबाईंना हात पोचत नसेल तर काठीने कसं दाबायचं ते दाखवा आणि एकदा मुद्दाम वाजवून दाखवा. आवाजाची भीती तो ओळखीचा झाल्यावरच जाते. फोडणीच्या आधी एक्झॉस्ट पंखा लावायचा, पण तो हवा खरंच बाहेर टाकतो का हे पाहून घ्या. बऱ्याच घरांत तो धूर गाळून परत घरातच सोडतो, मग खिडकी उघडावी लागते. अलार्म शेगडीपासून किमान दहा फूट लांब असावा, आणि त्या भागात फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशकिरणाने धूर ओळखणारा, बसवला तर स्वयंपाक करताना तो उगाच कमी वेळा वाजतो. उदबत्ती, धूप, सत्यनारायण किंवा होमाच्या दिवशी अलार्म काढून ठेवायची किंवा त्यावर पिशवी बांधायची पद्धत मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. कृपा करून तसं करू नका. पूजा संपते, प्रसाद होतो, पिशवी तशीच राहते. होम करायचाच असेल तर बाहेर अंगणात करा. गॅरेजमध्ये नको, दार उघडं ठेवूनही नको.

दाराचं कुलूप आपोआप लागणारं असेल तर आकडे दाबून उघडणारं बसवून घ्या, आणि एक चावी त्या शेजारणीकडे ठेवा. फोन करणारी शेजारीण तुम्हाला मिळाली आहे, हे फार मोठं आहे. सासू-सासरे आले की त्यांची तिच्याशी नीट ओळख करून द्या. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत घराचा पत्ता, तुमचे दोघांचे नंबर आणि ९११, म्हणजे अमेरिकेतला आणीबाणीचा नंबर, लिहा. ९११ वर पहिला प्रश्न पत्त्याचाच असतो, आणि घाबरलेल्या माणसाला लेकाच्या घराचा नंबर आठवत नाही. तिथे बहुतेक ठिकाणी दुभाषी मिळतो. नुसतं "हिंदी" म्हणून फोन धरून ठेवला तरी चालतं हे त्यांना सांगा.

दिवाळीचं तळण सासूबाईंना करू द्या, नव्हे, त्यांच्याकडूनच करून घ्या, मुलांना शेजारी बसवा. अमेरिकेत घरांना लागणाऱ्या आगींचं सगळ्यात मोठं कारण स्वयंपाक हेच आहे, त्यामुळे दोन गोष्टी पक्क्या करा. कढईवर बसेल असं झाकण शेगडीशेजारीच ठेवायचं. तेल पेटलं तर झाकण टाकून गॅस बंद, आणि कढई जागची हलवायची नाही. पाणी तर अजिबात नाही. दुसरं, तुमच्याकडे काचेची विजेची शेगडी आली तर ती बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, गॅससारखी लगेच थंड होत नाही, हे त्यांना मुद्दाम सांगावं लागेल. चकल्यांचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. ते गार पाइपात थिजतं, आणि नेमकं घरात पाहुणे असताना सिंक तुंबतं. जुन्या बरणीत भरून कचऱ्यात टाका. भात, चहाचा चोथा आणि बटाट्याच्या साली डिस्पोझलमध्ये, म्हणजे सिंकखालच्या कचरा बारीक करणाऱ्या यंत्रात, टाकायच्या नाहीत, हेही तेव्हाच सांगून ठेवा.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात. त्या दिवशी घरातल्या सगळ्या अलार्मच्या बॅटऱ्या तपासायच्या, असा कुळाचार पाडून घ्या. अलार्म दहा वर्षांहून जुना असेल तर पूर्णच बदला. मागच्या बाजूला तारीख छापलेली असते. बागेचा नळीचा पाइप नळापासून सोडवा, नाहीतर आत साचलेलं पाणी गोठून भिंतीतला पाइप फुटतो. फर्नेसचा, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीचा, फिल्टर बदला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर, झोपण्याच्या खोल्यांजवळ असू द्या, कारण या विषारी वायूला वास नसतो आणि रंगही नसतो. तुमच्या फर्नेसची धुराडी भिंतीतून बाहेर निघत असेल तर मोठ्या बर्फानंतर ती बुजली नाही ना, हे पाहणं फार महत्त्वाचं. सासऱ्यांना ते खिडकीतून पाहायला सांगा. बर्फ उपसायला मात्र जाऊ देऊ नका. "बसून बसून कंटाळा आलाय" म्हणून वडीलधारी माणसं फावडं हातात घेतात. कडाक्याच्या थंडीत अचानक एवढं श्रमाचं काम हृदयावर भयंकर ताण आणतं. या एका बाबतीत लेकाने हट्ट धरलेला चालेल.

पाइपांचं मात्र नीट समजून घ्या, कारण पुढच्या वेळी हे घर तुम्ही नसताना इतर कुणाच्या तरी भरवशावर असेल. पाणी गोठताना जवळपास ९ टक्के फुगतं. बर्फाचा अडसर आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि पाइप फाटतो. पाणी वाहतं ते नंतर, बर्फ वितळल्यावर. म्हणूनच कडाक्याच्या थंडीत नळ बारीक धारेने सोडून ठेवतात, दाब निघून जातो. बाहेरचं तापमान २० अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे उणे ७ सेल्सिअसच्या आसपास आलं की सावध व्हायचं. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालच्या कपाटांची दारं रात्री उघडी ठेवायची, म्हणजे घरातली ऊब पाइपापर्यंत पोचते. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोत पारा उणे २३ फॅरेनहाइटवर गेला होता, तसे दिवस पुन्हा येऊ शकतात. नळ गोठलाच तर तो उघडा ठेवून हेअर ड्रायरने पाइप हळूहळू तापवा. ज्योत लावू नका.

हिवाळ्यात घर बंद करून जाताना हीटिंग ५५ फॅरेनहाइटच्या, म्हणजे १३ सेल्सिअसच्या खाली कधीही ठेवू नका. मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून पाइप रिकामे करा. घरात गरम पाण्याचे रेडिएटर किंवा आग विझवणारे पाण्याचे फवारे असतील तर आधी प्लंबरला विचारा. विम्याचं म्हणाल तर, फुटलेल्या पाइपाची भरपाई बहुधा मिळते, पण घर गरम ठेवलं नव्हतं असं दिसलं तर कंपनी नाकारू शकते. बाहेरून येणारा पूर आणि बेसमेंटच्या गटारातून वर येणारं पाणी यांचा समावेश नेहमीच्या विम्यात नसतो. पॉलिसी काढून एकदा वाचा. डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनच्या मंडळींनीही हे वाचावं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात अशीच असंख्य घरं भिजली, कारण तिथले पाइप माळ्यावरून जातात आणि थंडीसाठी झाकलेले नसतात.

डिसेंबरात तुमच्याकडे साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, आणि भारतातून आलेल्या माणसाला हा अंधार थंडीपेक्षा जास्त खचवतो. दुपारी उन्हं असताना त्यांना रोज बाहेर काढण्याची काही सोय करा: वाचनालय, मॉलमधलं चालणं, मंडळातल्या समवयस्कांचा गट. मुलांना शाळेच्या बसमधून उतरवून घेण्याचं काम आजोबांना द्या. आजोबांना रोज कुणीतरी आपली वाट पाहतंय हे कळलं की दिवस जातो. प्रवासी विमा घेताना आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. रक्तदाब आणि मधुमेहाच्या बाबतीत बहुतेक योजना हात आखडता घेतात. औषधं सहा महिन्यांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणायला सांगा.

मार्चमध्ये बर्फ वितळायच्या आधी बेसमेंटच्या सम्प पंपाच्या (साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या) खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पंप चालू होतो का ते बघा. तेवढं पुरे.

जूनच्या सुट्टीबद्दल माझं स्पष्ट मत आहे: शाळा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी निघा. तुमच्याकडे शाळा मेअखेरीस सुटतात, न्यू जर्सीसारख्या उशिरापर्यंत चालत नाहीत, याचा फायदा घ्या. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. तुम्ही एक जूनला सांगलीत असाल तर मुलांना मामे-आते भावंडांबरोबर दोन आठवडे मोकळे मिळतील. वीस तारखेला पोचलात तर भावंडं शाळेत आणि तुमची मुलं पावसात घरात, मोबाइल घेऊन. त्या दोन आठवड्यांत पुणे, नाशिक, मुंबई असं नातेवाइकांचं चक्र लावू नका. मुलांना एका घरात राहू द्या. भेटीगाठी भावंडांची शाळा सुरू झाल्यावर.

घरासाठी: मुख्य व्हॉल्व्ह उन्हाळ्यातही बंद करा, गवत कापायला कुणाला तरी सांगा, पोस्ट ऑफिसला टपाल थांबवायला सांगा, ते ३० दिवसांपर्यंत धरून ठेवतात, पुढची सोय शेजारणीकडे. फ्रीझरमध्ये पेलाभर पाण्याचा बर्फ करून त्यावर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधल्या काळात वीज जाऊन सगळं वितळलं होतं असं समजा, आणि आतलं फेकून द्या.

मुलांच्या डॉक्टरांची वेळ एप्रिलच्या शेवटीच घ्या. आपण "गावीच तर जातोय" म्हणून हे टाळतो, पण इथे वाढलेल्या मुलांना टायफॉइडची लस बहुधा दिलेली नसते, आणि टोचून घ्यायची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी लागते. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा. कुणाकडे सहा ते अकरा महिन्यांचं बाळ असेल तर परदेशप्रवासाआधी त्याला गोवराची एक लस लवकर देतात.

आणि मुलांचे पासपोर्ट आज रात्रीच कपाटातून काढा. सोळा वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, मोठ्यांसारखा दहा नाही. नव्याने काढताना दोन्ही पालकांची संमती लागते, म्हणजे तुम्हा दोघांना एकाच दिवशी ऑफिसातून सुट्टी काढावी लागेल, नाहीतर न येणाऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र द्यावं लागेल. ती सुट्टी फेब्रुवारीतच काढा.