वाचकांचे प्रश्न : टोमण्याला उत्तर द्यावं का?

प्रश्न : चतुर्थीला फोंड्याच्या वडिलोपार्जित घरी आम्ही सगळ्या जावा जमतो. थोरली जाऊ चारचौघांत टोमणे मारते. उलट बोलले तर सणाचा विचका, गप्प बसले तर महिनाभर मन जळतं. अप्रतिकार, म्हणजे उलट वार न करणं, याचा अर्थ असं सोसतच राहायचं का?

उत्तर : नाही. तुमचं तोंड मिटलेलं असतं, पण आत भांडण चालूच असतं. म्हणून तर जळतं. मनाला मुरड घालणं म्हणजे अप्रतिकार नव्हे. पैठणच्या एकनाथांची आख्यायिका आठवा. गोदावरीवर स्नान करून परतताना एकजण त्यांच्यावर थुंकत राहिला, १०८ वेळा म्हणतात. नाथ दरवेळी पुन्हा नदीवर गेले. लोक त्यांची सहनशीलता वाखाणतात. आम्हाला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की नाथांनी स्नान सोडलं नाही आणि वाटही बदलली नाही.

तुमच्या हातात तेव्हा नेवरी (करंजी) असेल, तर ती नीट मुरडून पुरी करा. रागात कड धड दाबली जात नाही, मग नेवरी तेलात फुटते आणि सारण जळतं. तेवढ्यात तीन श्वास होतात : घेताना मनात चार अंक, सोडताना सहा. अर्धं मिनिट. सोडलेला श्वास लांबला की छातीची धडधड कमी होते, आवळलेला जबडा सैल पडतो. मग टोमण्यात जेवढं खरं असेल तेवढंच कबूल करा : ‘होय वहिनी, यंदा यायला उशीर झाला.’ पुढे ‘पण’ जोडलात की वाद पेटलाच.

बिघडतं ते बहुधा नंतर. रात्री नवऱ्यापाशी उजळणी होते, दुसऱ्या जावेला फोन जातो. ‘बघा, मी किती शांत’ हा ताठा तर समोरच्याला लगेच कळतो आणि टोचतो. ही सवय ऐन चतुर्थीला लागत नाही. आतापासून चुकलेल्या बसवर, गेलेल्या विजेवर सराव करा.

धमकी किंवा मारहाण असेल तर मात्र श्वास मोजत बसू नका, ११२ फिरवा.

प्रश्न : शेजाऱ्याने गडगा (दगडी कुंपण) हातभर आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, सरकवला. क्षमा करून सोडून द्यावं का?

उत्तर : क्षमा जरूर करा, जमीन सोडू नका. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा) आणि सर्व्हे प्लॅन काढा, भूमापन खात्याकडे हद्द आखून मागा. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात पोर्तुगीज सरकारची सभाबंदी मोडली. माणसाचा द्वेष न करता अन्याय अडवता येतो, हे गोव्याला नवं नाही. अर्ज केल्याचं शेजाऱ्याला तुम्ही स्वतः जाऊन सांगा, आणि मोजणीच्या दिवशी चहा ठेवाल तेव्हा एक कप त्याच्यासाठीही भरा.